समुद्राच्या चौकोनात आमचा तलाव

मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो चाळिशी उलटल्यावर, ऑफिसच्या कामानं गेले होते तेव्हा. आणि खरं सांगू का, मला तो काही फार ओळखीचा वाटला नाही. हे बोलायला चमत्कारिकच आहे. कारण त्याच्या कितीतरी आधी, भंडाऱ्याच्या एका कॉलेजात बसून, एक अख्खा उन्हाळा आणि पावसाळ्याचा बराचसा भाग मी त्याच समुद्राचे आकडे एका यंत्राला भरवत होते. कुठं पाणी किती गरम, कुठं किती गार, सगळं मला तोंडपाठ. आता भंडाऱ्यातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र यायचा म्हणजे रेल्वेत रात्र काढावी लागते. तरी त्या कामासाठी भंडाराच का निवडला, हे मला तेव्हा कळलं नव्हतं आणि आजही कळलेलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपूरला एम.एस्सी. करून मी कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत लागले होते, तात्पुरती. तात्पुरती म्हणजे दर उन्हाळ्यात काढायची आणि पावसाळ्यात परत घ्यायची, असली. गाव आमचं करडीकडचं. सकाळी एसटीनं यायचं, संध्याकाळी एसटीनं जायचं. त्या वर्षी मात्र उन्हाळ्यात मला काढलं नाही, कारण आमच्या विभागप्रमुखांनी, त्यांना मी नुसतं सर म्हणेन, एक कॉम्प्युटर मिळवला होता. हवामानाचं काम करणाऱ्या लांबच्या एका संस्थेनं तो दिला होता. पावसाचा अंदाज काढणारा त्यांचा प्रोग्राम जिल्ह्याच्या ठिकाणी चालतो का, ते त्यांना पाहायचं होतं.

सर पुण्याचे. हौस दांडगी. त्यांनी खोलीला पडदे लावले, कूलर बसवला, चपला बाहेर काढायचा नियम केला आणि नारळ फोडला. हार घालायला जागा सापडेना म्हणून तो टीव्हीसारख्या त्या पडद्यावरच चढवला. मग दिवसभर आम्ही हिरवी अक्षरं झेंडूच्या आडून वाचली. काढू म्हटलं तर सर म्हणाले, आजचा दिवस राहू द्या.

काम काय होतं ते सांगते. मला ते समजायला महिना गेला, तुम्हाला एवढा लागणार नाही. प्रोग्राममध्ये देशाचा आणि भोवतालच्या पाण्याचा नकाशा होता, चौकोन चौकोन पाडलेला. चौकोनही असे मोठे की एकात दोन-तीन जिल्हे सहज मावावेत. जिथं पाणी त्या चौकोनाला एक, जिथं जमीन तिथं शून्य. पाण्याच्या प्रत्येक चौकोनात पाणी किती गरम आहे ते सांगितल्याशिवाय प्रोग्राम पावसाबद्दल तोंड उघडायचा नाही. आणि ही माहिती त्याची स्वतःची नव्हती. परदेशात कुणीतरी नुसत्या समुद्राचं गणित मांडलं होतं, तिथून ती यायची, टपालानं, मऊ काळ्या फ्लॉपीवर. त्या समुद्रवाल्यांचं सगळंच वेगळं. त्यांचे चौकोन बारके. त्यांची मोजणी दुसऱ्याच कोपऱ्यातून सुरू व्हायची. जमीन आली की ते एक भलामोठा उणे आकडा ठोकून द्यायचे, म्हणजे इथं समुद्र नाही, पुढं व्हा. त्यांचे बारके चौकोन हवामानवाल्यांच्या मोठ्या चौकोनांत बसवायचे, सरासरी काढायची आणि भरायची, हे माझं काम.

घरी एकदा बाबांनी विचारलं, "तठी करतेस काय व बाई दिवसभर?"

"समुद्राचे आकडे भरते."

"आपल्या अठी समुद्र कुठी हाय?"

"अठी नाही बाबा. लांबचा."

"मंग ज्याहिचा समुद्र त्याहिनं भराव. तू कायले भरून राहिली?"

बाबा उठून बैलांकडे गेले. पोरीला कुणीतरी बनवून राहिलं आहे असं त्यांना वाटत होतं, आणि अधूनमधून मलाही तसंच वाटायचं.

आता हा प्रश्न नुसता गमतीचा नव्हता. जवाहरनगरच्या कारखान्यातला एक मुलगा मला पाहून गेला होता. केंद्र सरकारची नोकरी, राहायला क्वार्टर, जायला-यायला कारखान्याची बस. आईला स्वर्ग दोन बोटं उरला होता. मुलगा वाईट नव्हता, उगाच कशाला बोलू. पण त्याच्या घरच्यांनी जाताना उंबऱ्यात उभं राहून सांगितलं होतं, लग्नानंतर नोकरी चालणार नाही. बाबांनी रोवणी आटपेपर्यंत, म्हणजे धान लावून होईपर्यंत, मुदत मागून घेतली. तिकडे सरांचं म्हणणं असं, की प्रयोग नीट पार पडला तर कॉम्प्युटर कॉलेजातच राहील आणि त्यावरचा माणूस म्हणून मला पक्कं करून घेता येईल. म्हणजे यंत्र चाललं तर नोकरी, नाही चाललं तर जवाहरनगर. मला नोकरी हवी होती. का हवी होती ते विचारू नका. हवी होती, बस.

आणि यंत्र काही चालेना.

आकडे सगळे भरून झाले की पडद्यावर एक ओळ यायची. अमुक रांगेतल्या अमुक चौकोनात समुद्राचं तापमान सापडत नाही. एवढं बोलून गप्प. सर म्हणाले, तुमचं भरताना चुकलं असेल. मी पुन्हा भरलं. पुन्हा तीच ओळ. पुन्हा भरलं. मी त्या ओळीला मोठ्यानं शिव्या दिल्या तेव्हा सर व्हरांड्यात निघून गेले. येताना ग्रंथालयातून नकाशांचं जाडजूड पुस्तक घेऊन आले. त्यावर पातळ कागद ठेवून आम्ही चौकोन आखले, रांगा मोजल्या, आणि सरांचं बोट हळूहळू सरकत आलं ते नेमकं आमच्यावर थांबलं.

"अहो," सर म्हणाले, "हा भंडाऱ्यात समुद्राचं तापमान मागतोय."

मी वाकून पाहिलं. खरंच. डावीकडे नागपूर, उजवीकडे छत्तीसगढची बाजू, आणि मधला चौकोन आमचा. प्रोग्रामच्या नकाशात तिथं चक्क पाणी होतं. समुद्रवाल्यांच्या लेखी अर्थातच तिथं जमीन, म्हणून ते काही देत नव्हते. एक मागतोय, दुसऱ्याकडे नाही, आणि मधे आमची मरामर.

"पाणी कुठून आलं इथं?" मी म्हटलं.

सरांनी रांगा पुन्हा मोजल्या. मग एकाएकी त्यांचा चेहरा उजळला. "मॅडम, शाळेत भूगोलाच्या पुस्तकात तुमच्या जिल्ह्याला काय म्हटलंय?"

"तलावांचा जिल्हा."

"मग! त्यांनी तलाव धरलेत!"

आज कुणी म्हणेल, एवढी शिकलेली दोन माणसं, तुम्हाला शंका कशी आली नाही? दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात ती पहिल्या दिवशी आली असती. नकाशात चूक आहे म्हणून लोक मोकळे झाले असते. पण भंडाऱ्याच्या माणसाला तुमच्याकडे पाणी आहे का म्हणून विचारून पाहा. तो म्हणेल, आहे म्हणजे काय, दुसरं आहे काय? गाव तिथं तलाव, एकेका गावाला दोन-दोन, तीन-तीन. आमचं धान तलावावर, मासोळी तलावावर, शिंगाडे तलावावर, भांडणं तलावावर. मला तर उलट अभिमान वाटला. इतक्या लांबच्या कुणीतरी आमचं पाणी हिशेबात धरलं, म्हणजे कुठंतरी आमची नोंद आहे, असं वाटून मी त्या दिवशी एसटीत खिडकीशी बसून उगाच हसत होते. पुण्याच्या सरांना हे कसं पटलं, ते मात्र मला माहीत नाही. भंडाऱ्यात राहून त्यांना आमची हवा लागली असावी.

संस्थेला फोन करायचा प्रयत्न केलाच. ट्रंक कॉल लावून दुपारभर बसलो. लागला तेव्हा पलीकडून कुणीतरी म्हणालं, साहब टूर पे हैं, आणि लाइन कटली.

मी म्हटलं, काहीतरी आकडा घालून तर पाहू. त्या चौकोनाचं तापमान म्हणून शून्य घातलं. काय आश्चर्य, प्रोग्राम धावला! प्रिंटर करकरायला लागला, सरांनी टाळी वाजवली. कागद बाहेर आला तर काय, भंडाऱ्यात कडाक्याची थंडी. शून्य म्हणजे त्याला वाटलं आमच्याकडे बर्फाच्या पाण्याचा समुद्र पसरला आहे. बाहेर वैशाख, कूलरच्या वाळ्यावर पाणी मारून मारून आमचे हात दुखलेले, आणि कागदावर कोवळं धुकं! सर तो कागद घेऊन कूलरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "कल्पना वाईट नाही."

म्हणजे खराच आकडा पाहिजे होता. सरांनी विचारलं, तुमच्या गावात तलाव आहे ना? मी म्हटलं, सर, तुम्ही मला विचारताय? त्यांनी प्रयोगशाळेतलं एक थर्मामीटर कापसात गुंडाळून माझ्या हाती दिलं आणि सांगितलं, रोज सकाळी एकाच जागी, एकाच खोलीवर.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, गेले. बाबा तिथंच होते. गावाच्या तलावाचं पाणी कुणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या वाफ्याला, कधी सोडायचं, हे गावानं त्यांच्यावर टाकलं होतं, त्यामुळे उन्हाळ्यातसुद्धा त्यांची एक फेरी पाळीवरून असायचीच. मला काठाशी वाकलेली पाहून ते खाली आले.

"हे काय होय?"

"थर्मामीटर. पानी किती गरम हाय ते पाहून राहिली."

"तापलं का तलाव?"

"थट्टा नोका करू बाबा. त्या मशीनले आपल्या तलावाचं पानी किती गरम हाय ते सांगा लागते. त्याबिगर ते पावसाचा अंदाज देत नाही."

बाबा थांबले. "कोन्या तलावाचं?"

"आपल्या."

"करडीच्या नाही?"

"नाही. आपल्याच."

बाबांनी एकदा तलावाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग माझ्या हातातून थर्मामीटर घेतलं. "तुले एसटी पकडा लागते. हे मी करीन. कसं पाहाचं ते सांग."

मी शिकवलं. पारा डोळ्यासमोर धरून पाहायचा, बाहेर काढून नाही, पाण्यात असतानाच. त्यांनी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा मी म्हणायच्या आत आकडा सांगितला. तेव्हापासून रोज सकाळी एसटी सुटायच्या आधी बाबा ओल्या धोतरानं फाट्यावर हजर. खिडकीशी येऊन म्हणायचे, "अठ्ठावीस! थोडंसं वर." सगळ्या गाडीला ऐकू जायचं. कंडक्टरसुद्धा विचारू लागला, आज किती?

आणि घरातलं बोलणंच बदललं. ज्या माणसानं माझ्या नोकरीबद्दल एका प्रश्नापलीकडे काही विचारलं नव्हतं, तो संध्याकाळी मी पायरी चढायच्या आत विचारायचा, "काल देला तो आकडा लागला का?" तो खऱ्या समुद्राचीही चौकशी करायचा, मुंबईकडचं किती होतं, बंगालकडचं किती. आपलं त्याहून जास्त निघालं की आईला बोलावून सांगायचा. थर्मामीटर बुडवायच्या जागी कुणी म्हशी धुवायला आणल्या तर बाबा पाळीवरून ओरडायचे, "तठी नोका! तठून आकडा जाते!" आई कपाळावर हात मारून घ्यायची. म्हणायची, बाप-लेक दोघंही कामातून गेले.

प्रोग्राम आता लोण्यासारखा चालत होता. एवढंच, की तो भंडाऱ्यात रोज पाऊस सांगायचा. मे महिन्यात, रोज. नागपूरला कोरडं, छत्तीसगढकडे कोरडं, आणि मधे आम्ही चिंब. सर म्हणाले, त्याचा कल जरा ओलसर आहे. मी एकदा धीर करून विचारलं, सर, एवढ्या मोठ्या चौकोनाला आमचा एक तलाव कसा पुरेल? सर म्हणाले, "तो प्रातिनिधिक आहे." या शब्दापुढं मी काय बोलणार! डोक्यात मात्र गोंधळ तसाच राहिला. कधी वाटायचं, आपण काहीतरी मोठं करतोय. कधी वाटायचं, आपण भातुकली खेळतोय आणि कुणीतरी येऊन भांडी उचलेल. एका दुपारी खरोखरच वळवाची झोड आली, कॉलेजच्या सायकल स्टँडचे टिन उडाले, आणि सरांनी पेढे वाटले.

पुढं पावसाळा लागला आणि रोज पाऊस सांगणारा प्रोग्राम रोज बरोबर यायला लागला. सर खूश. त्यांनी संस्थेला कळवलं. रोवणी भर जोरात असताना तिथले एक साहेब जीपनं आले.

सडपातळ, हळू बोलणारे. चपला न सांगता बाहेर काढल्या, त्यामुळे सरांचं मत एकदम चांगलं झालं. त्यांनी आमचे कागद एकेक करून पाहिले. भरलेले आकडे पाहिले. मग एका आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "इस पॉइंट की वैल्यू कहाँ से आई?"

सर म्हणाले, "तालाब से."

"कौन से तालाब से?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हमारे गाँव के."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आम्ही दोघांनी मिळून त्यांना सगळं सांगितलं. तलावांचा जिल्हा, शून्य घातल्यावर आलेली थंडी, थर्मामीटर, सगळं. ते हसले असते तर बरं झालं असतं. हसले नाहीत. त्यांनी बॅगेतून आपला नकाशा काढून आमच्यासमोर पसरला. "यह तो ज़मीन है, मैडम. हमारे यहाँ टाइप करते वक़्त ज़ीरो की जगह एक लग गया होगा." मग अगदी हळू आवाजात, "आप लोग फ़ोन कर देते."

"किया था," सर म्हणाले.

साहेबांनी सोबत आणलेली फ्लॉपी घातली, नकाशाची फाइल उघडली, आमच्या चौकोनातला एक काढला आणि तिथं शून्य घातलं. झालं. भंडारा जमीन झाला. प्रोग्राम सुरू केला तो सरळ शेवटपर्यंत गेला, कुणाला काही न मागता. मला भयंकर राग आला. कुणाचा आला ते सांगता येत नाही. त्या टाइप करणाऱ्याचा, सरांचा, साहेबांच्या त्या शांत आवाजाचा, आणि माझ्या चौथीच्या भूगोलाच्या पुस्तकाचा.

साहेब उठले आणि मला म्हणाले, "वह तालाब दिखाएँगी?"

मला वाटलं, आता मजा बघायला निघाले. पण नाही म्हणायची सोय नव्हती. सर कॉलेजात थांबले, मी जीपमधून निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका बांध्यांत वाकून रोवत होत्या. बाबा गुडघ्यापर्यंत चिखलात होते. जीप आणि जीपमधून उतरणारी मी पाहून ते तसेच वर आले. साहेब आपला तलाव तपासायला आले, एवढंच त्यांनी धरलं. पळत घरी गेले, थर्मामीटर घेऊन आले. पाय धुतले, हात धुतले, पाण्यात उतरले आणि ते बुडवून उभे राहिले, अगदी मी शिकवलं तसे, वाकून, पारा डोळ्यासमोर. त्यांच्यामागं पाळीवर साहेब भर उन्हात उभे. मी कुठं पाहावं ते मला कळेना.

"सत्तावीस," बाबा म्हणाले. "उन्हाळ्यापेक्षा उतरलं."

"आप रोज़ करते हैं?"

"रोज. पोरीचं काम हाय ना."

साहेबांनी मान हलवली. "बहुत सही तरीक़ा है," म्हणाले, आणि बाबांना नमस्कार केला. जीपशी आल्यावर मला म्हणाले की मशीन आता नागपूरला हलवावी लागेल. इथं लाइट फार जाते, आणि तिथं त्यांची माणसं आहेत. कॉलेजाला तसं कळवतीलच. मी विचारलं, मग माझं काय? ते म्हणाले, आपको तो कॉलेज ने रखा है ना. मी हो म्हटलं. कॉलेजनं मला कसं ठेवलं होतं ते त्यांना काय सांगणार!

संध्याकाळी बाबा अंगणात पाय धूत होते. आई चुलीपाशी. मी दोघांना ऐकू जाईल अशी मध्येच उभी राहिले आणि सांगून टाकलं, मशीन चालली नागपूरले, माही नोकरी गेली.

आईला वाईट वाटलं असेल, नाही असं नाही. पण तिचा चेहरा लपेना. "मंग बरंच झालं म्हनाव. रोवना आता आटपनारच हाय. सांगून टाका त्याहिले हो म्हून."

"कोनाले?" बाबांनी विचारलं.

"जवाहरनगरवाल्याहिले. दुसऱ्या कोनाले?"

"त्याहिले मी कवाचाच नाही म्हून सांगून आलो."

आईच्या हातातला चिमटा खाली पडला. "कवा?"

"उन्हाळ्यात. हे काचेचं आनलं ना पोरीनं, त्याच्याच मांगून. बाजाराले गेलो होतो भंडाऱ्याले, तसाच तिकडे गेलो. म्हनलं, पोरीच्या कामाले आमचा तलाव लागते. तो सोडून पोरगी नाही येऊ शकत."

"अन् मले सांगतलंबी नाही!"

"सांगतलं असतं त जाऊ देली असती का तू?"

आई बोलायला लागली ती थांबेना. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की बाबांनी एवढी मोठी गोष्ट केली ती एका चुकलेल्या आकड्यावर केली, आणि ते मला आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे.

"बाबा, तलाव लागतच नोहता," मी म्हटलं. "त्याहिचीच चूक होती. आपल्या जागी जमीन पाहिजे होती, त्याहिनं चुकून पानी लिहून ठेवलं. म्हणून मशीन मांगत होती."

बाबांनी तांब्या खाली ठेवला. "म्हणजे आपलं पानी कामाचं नोहतं?"

"नोहतं."

"एकबी दिवस?"

मला खोटं बोलता आलं असतं. "एकबी दिवस नाही."

बाबा नडगीवरचा वाळलेला चिखल नखानं काढत बसले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि दोघांचं मोकळं झालं असतं.

"आज आला तो सायेब," ते म्हणाले, "त्याले हे ठाऊक होतं?"

"हो."

"तरी उभा राह्यला उन्हात?"

"हो."

"मानूस चांगला हाय." त्यांनी उरलेलं पाणी पायावर ओतलं. "मंग त्यालेच इचार. नागपूरच्या मशीनपाशी आणखीन कोनी लागते का म्हून."

"नागपूरले?" आई किंचाळलीच. "एकटी?"

"जवाहरनगरले का आपन जानार होतो तिच्यासंग? तठीबी एकटीच जात होती ना ते."

आईनं खाली पडलेला चिमटा उचलला. मी आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. रडू येत होतं की हसू, मला खरंच कळत नव्हतं. नोकरी गेली होती, स्थळ गेलं होतं, तलाव हिशेबातून गेला होता, आणि मला बापाच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. आमच्याकडे असं कुणी कुणाच्या गळ्यात पडत नाही. मी भाताचं पातेलं उतरवलं.

सकाळी एसटीत बसले. थर्मामीटर कापसात गुंडाळून मांडीवर ठेवलं होतं, सरांना परत द्यायला, आणि साहेबांचा पत्ताही सरांकडूनच घ्यायचा होता. गाडी सुटायला आली तरी मी बाहेर पाहिलं नाही. आज कुणी येणार नव्हतं. तेवढ्यात खिडकीच्या पत्र्यावर थाप पडली. बाबा होते, ओल्या धोतरानं.

"आज हातच घालून पाह्यला," ते म्हणाले. "कालच्यापेक्षा थंड हाय. सांगजो."

कंडक्टरनं बेल मारली. मी म्हटलं, "सांगते, बाबा."